दह्याच्या डिपला पुन्हा पुन्हा पाणी सुटत असेल तर

काकडी, गाजर, मुळा, नवलकोल आणि ढबू मिरचीचे काप लावून खाण्यासाठी आमच्या घरी आठवड्यातून दोन-तीन वेळा दह्याचे डिप होते. सुरुवातीचे वर्षभर एकच अडचण सतत येत राहिली. वाडग्यात काढताना श्रीखंडासारखे घट्ट असलेले मिश्रण तासाभरात सैल होई, कडेने पाणी साचे आणि गाजराचा तुकडा बुडवून वर काढला की त्यावर पातळ पांढरा ओघळ तेवढा राही. मुलांनी ते खाणे सोडले, आणि पाहुणे येणार असतील त्या दिवशी मीही मुकाट्याने त्यात तीन-चार मोठे चमचे मेयोनीज मिसळू लागले. ओळखीच्या अनेक घरांत हेच घडताना मी पाहिले आहे, म्हणून या एका दोषाची कारणे आणि त्यावरचे उपाय येथे सविस्तर लिहीत आहे.

मेयोनीज घातल्यावर डिप घट्ट राहते, हे खरे आहे. नेहमीच्या मेयोनीजमध्ये साधारण ७० ते ८० टक्के तेल असते आणि त्या तेलाचे अतिसूक्ष्म थेंब एकमेकांना इतके खेटून बसलेले असतात की त्यांच्या मधले थोडेसे पाणी सहजासहजी बाहेर येऊ शकत नाही. मात्र त्याच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे १५ ग्रॅममध्ये, ९० ते १०० कॅलरी असतात, आणि कच्च्या भाज्या खाताना असे तीन-चार चमचे कधी पोटात गेले ते समजत नाही. घट्टपणासाठी एवढे तेल घेण्याची गरज नाही. दह्यातले पाणी आणि भाजीतले पाणी आधीच बाजूला काढले, तर तेलाकडून करून घ्यायचे काम फारसे उरत नाही.

पाणी कोणते, हे आधी पाहावे

उपाय शोधण्यापूर्वी वाडग्यातले पाणी नीट न्याहाळावे. ते स्वच्छ आणि किंचित हिरवट-पिवळसर असेल, तर ती दह्याची निवळी आहे. तो रंग दुधातल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा असतो. पाणी गढूळ असेल, त्याला गाजराची, बिटाची किंवा कोथिंबिरीची छटा असेल, तर ते भाजीतून आले आहे. वेगळे पाणी कोठेच दिसत नसेल, पण सगळे मिश्रणच ताकाकडे झुकले असेल, तर चक्का पुरेसा निथळलेला नाही किंवा तो मिक्सरमधून फिरवला गेला आहे.

रंगावरून निश्चित सांगता येत नसेल, तर मी चार वाट्यांची परीक्षा करते. पहिल्या वाटीत दोन चमचे नुसता चक्का ठेवावा, दुसऱ्या वाटीत तेवढाच चक्का चिमूटभर मीठ घालून, तिसऱ्या वाटीत किसलेली काकडी मिसळून आणि चौथ्या वाटीत नेहमीचे संपूर्ण डिप ठेवावे. चारही वाट्या झाकून दोन तास फ्रीजमध्ये ठेवाव्यात. पहिल्याच वाटीत पाणी दिसले, तर दोष दह्यात किंवा निथळण्यात आहे आणि भाजीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पहिली वाटी कोरडी राहून तिसरीत पाणी साचले, तर काकडीवर काम करावे लागेल. ही परीक्षा मी पहिल्यांदा केली तेव्हा माझी पहिली वाटीच ओली निघाली, आणि तोपर्यंत मी वर्षभर काकडीला दोष देत होते.

दूध आणि विरजण

दही म्हणजे दुधातल्या केसीन या प्रथिनाचे जाळे असते आणि पाणी त्या जाळ्याच्या छिद्रांत अडकलेले असते. जाळे बारीक आणि मजबूत असेल तर पाणी आत राहते. जाळे विरळ असेल किंवा आक्रसले तर निवळी बाहेर येते. जाळे मजबूत करण्याची पहिली संधी दूध तापवतानाच मिळते. दूध ८५ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापून काही मिनिटे त्या उष्णतेत राहिले, तर निवळीत जाणारी प्रथिने उलगडतात, केसीनला जाऊन चिकटतात आणि पाणी अधिक चांगले धरून ठेवतात. म्हणून एक उकळी येताच गॅस बंद करण्याऐवजी आच अगदी मंद ठेवून आणि सतत ढवळत दूध आणखी आठ-दहा मिनिटे तापवावे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर काढलेल्या धारोष्ण म्हशीच्या दुधाची गोडी कोल्हापूरकरांना सांगावी लागत नाही, पण ते दूध घरी आणून न तापवता विरजले तर दही भुसभुशीत लागते, आणि कच्च्या दुधातल्या जंतूंचा धोका राहतो तो वेगळाच.

म्हशीच्या दुधात स्निग्धांश आणि घन पदार्थ दोन्ही जास्त असल्यामुळे त्याचे दही मुळातच घट्ट होते. स्निग्धांश कमी हवा म्हणून टोन्ड दूध वापरले, ज्यात तो ३ टक्के असतो, तर जाळे विरळ होते. अशा वेळी एक लिटर दुधात दोन मोठे चमचे स्निग्धांशरहित दूध पावडर तापवण्यापूर्वीच मिसळावी. त्यामुळे तूप-सायीत भर न पडता प्रथिने वाढतात आणि दही नीट बांधून येते.

विरजण लावताना दूध बोटाला सुखद ऊन लागावे, म्हणजे साधारण ४० ते ४३ अंश असावे. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या स्वयंपाकघरात चार-पाच तासांत दही लागते, डिसेंबरमध्ये आठ-दहा तास जातात. उन्हाळ्यात रात्री विरजून सकाळी सातला पाहिले तर दही लागून बराच वेळ झालेला असतो, आम्लता वाढत गेलेली असते आणि जाळे आक्रसून वर निवळी तरंगू लागलेली असते. असे दही कढीला उत्तम. डिपसाठी ते टाळावे. उन्हाळ्यात मी सकाळी विरजते आणि दही लागले की लगेच भांडे फ्रीजमध्ये ठेवते. गार झालेले दही फडक्यात घातल्यावर निवळी स्वच्छ उतरते, कोमट दह्याची साय आणि प्रथिने मात्र निवळीबरोबर वाहून जातात.

चक्का बांधताना

आपल्याकडे श्रीखंडासाठी चक्का फडक्यात बांधून नळाला किंवा खुंटीला टांगण्याची रीत आहे. श्रीखंडात साखर पडणार असल्यामुळे थोडा आंबटपणा खपून जातो. डिपमध्ये साखर नसते, म्हणून बाहेर टांगलेल्या दह्याचा आंबटपणा लपत नाही, आणि तो झाकण्यासाठी मीठ-तिखट वाढवावे लागते. त्यापेक्षा खोल पातेल्यावर चाळण ठेवावी, त्यावर धुऊन पिळलेला सुती पंचा दुहेरी घालावा, दही ओतून पंच्याची टोके वर दुमडावीत आणि सगळे फ्रीजमध्ये ठेवावे. पहिले दोन तास नुसते निथळू द्यावे आणि नंतर वर ताटली ठेवून त्यावर पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली ठेवावी. सुरुवातीलाच वजन ठेवले तर दही फडक्यातून बाहेर येते.

एक लिटर म्हशीच्या दुधाच्या दह्यातून आठ तासांनंतर माझ्याकडे साधारण ४०० ग्रॅम चक्का उरतो. आपल्या दुधाचा असा एक आकडा प्रत्येकाने एकदा मोजून ठेवावा, कारण पुढच्या वेळी ५५० ग्रॅम भरले तर चक्का अजून ओला आहे हे वजनच सांगते. चाळणीतून खाली आलेली निवळी टाकू नये. भाकरीचे पीठ किंवा कणीक मळायला आणि आमटीत ती चांगली लागते.

भाजीतले पाणी

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते, मुळ्यात आणि टोमॅटोतही जवळपास तेवढेच असते. गाजरात ते ८८ टक्क्यांच्या आसपास असते. चिरल्या-किसल्यावर भाजीच्या पेशी फाटतात, आणि त्यावर मीठ पडले की मिठाच्या दिशेने पेशींमधले पाणी ओढले जाते. म्हणजे डिपमध्ये किसलेली काकडी आणि मीठ एकत्र घातले की पाणी सुटणारच. प्रश्न इतकाच की ते आधी परातीत सुटू द्यायचे की नंतर वाडग्यात.

मी २५० ग्रॅम काकडी मधल्या बिया चमच्याने खरवडून किसते, तिला पाव लहान चमचा मीठ चोळते आणि पंधरा मिनिटे चाळणीत ठेवते. मग ती मुठीत घेऊन, आणि शेवटी कोरड्या फडक्यात गुंडाळून, दोनदा पिळते. या काकडीत थोडे मीठ उरलेले असते, म्हणून डिपमध्ये पुन्हा मीठ घालण्यापूर्वी चव घेणे आवश्यक आहे. मुळ्याचा कीस याच पद्धतीने पिळावा. टोमॅटो डिपमध्ये न घातलेलाच बरा. त्याची चव हवी असेल तर तो गॅसवर भाजून, साल आणि बिया काढून, कढईत घट्ट होईपर्यंत आटवून घ्यावा.

डिपमध्ये बुडवायचे काप ओले असतील तरी हाच दोष उद्भवतो, आणि तो सहसा लक्षात येत नाही. कपिलतीर्थ मंडईतून सकाळी आणलेले माळवे दुपारपर्यंत मऊ पडले, तर गाजर-मुळ्याचे काप अर्धा तास थंड पाण्यात ठेवल्यावर पुन्हा कुरकुरीत होतात. ते पाण्यातून काढून तसेच ताटात मांडले, तर प्रत्येक काप वाडग्यात दोन-तीन थेंब सोडून जातो, आणि दहा माणसे खाणार असतील तर ते थेंब थोडे होत नाहीत. काप फडक्यावर पसरून, वरून दुसऱ्या फडक्याने टिपून मगच वाढावेत. पावसाळ्यात पालेभाज्या आणि कोथिंबीर पानांच्या बेचक्यांत पाणी धरून येतात. धुतल्यावर त्या पंख्याखाली पूर्ण सुकवल्याशिवाय चिरू नयेत. भाज्या कच्च्या खायच्या असल्यामुळे धुण्याचे शेवटचे पाणी पिण्यायोग्यच असावे. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने भाजी निर्जंतुक होते असा समज आहे. तो धरू नये, वाहत्या पाण्याखाली चोळून धुणे अधिक उपयोगी पडते.

मिक्सर

चांगला निथळलेला चक्का लसूण, मिरची, कोथिंबीर यांच्यासह मिक्सरमध्ये फिरवला की अर्ध्या मिनिटात पातळ होतो. पात्यांनी केसीनचे जाळे तुटते आणि त्यात धरलेले पाणी मोकळे होते. त्यानंतर ते कितीही वेळ फ्रीजमध्ये ठेवले तरी पूर्वीसारखे बांधून येत नाही. बराच काळ मी याकडे कारण म्हणून पाहिलेच नव्हते. सगळे वाटण आधी, शक्य तितके कोरडे, खलबत्त्यात किंवा मिक्सरच्या लहान भांड्यात करावे. चक्का वाडग्यात घेऊन लाकडी चमच्याने त्याच्या गाठी हलकेच मोडाव्यात आणि वाटण शेवटी वरून खाली उलटत मिसळावे. आंबटपणासाठी लिंबाचा रस घालायचा झाला तर अर्धा लहान चमचा पुरतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे लिंबाची वरची पिवळी साल बारीक किसून घालणे, कारण त्यात सुवास पुरेपूर असतो आणि पाणी जवळपास नसते.

स्निग्धांश कमी केल्यावर मीठ वाढते

हा मुद्दा पाण्याशी जोडलेलाच आहे. तेल आणि साय काढून टाकली की चव सपाट लागते, मग हात मिठाकडे जातो, मीठ वाढले की भाजी अधिक पाणी सोडते, पाण्याने चव आणखी फिकी होते आणि पुन्हा मीठ पडते. आरोग्यासाठी केलेले डिप अशा रीतीने खारट आणि पातळ अशा दोन्ही अंगांनी बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाचे दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, म्हणजे सगळे जेवण धरून एका लहान चमच्याहूनही कमी. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात, जिला घरात आपण नुसते ‘चटणी’ म्हणतो, आणि खर्ड्यातही मीठ असतेच. म्हणून या दोहोंपैकी काहीही वापरल्यास डिपमध्ये वेगळे मीठ घालू नये, असा माझा ठाम आग्रह आहे.

चव आणण्याचे दुसरे मार्ग आहेत. मसाल्यांतले अनेक सुवास आणि मिरचीतले कॅप्सेसीन स्निग्ध पदार्थात विरघळतात, पाण्यात फारसे नाही. त्यामुळे एक लहान चमचा तेल गरम करून, गॅस बंद करून, त्यात अर्धा चमचा चटणी घालावी आणि गार झाल्यावर ते २०० ग्रॅम चक्क्यात मिसळावे. तेवढ्या तेलाने सुमारे ४० कॅलरीच वाढतात, पण चटणीचा स्वाद सगळ्या डिपभर पसरतो. कोरडी चटणी थेट दह्यात घातली तर तिखटपणा ठिकठिकाणी राहतो आणि स्वाद कच्चा लागतो. भाजलेल्या जिऱ्याची पूड, भाजलेले तीळ आणि खरपूस भाजलेली जवसाची पूड यांनीही मिठाची गरज कमी होते.

लसूण कच्चा ठेचून घातला तर दुसऱ्या दिवशी डिप उग्र आणि कडवट लागते. अख्ख्या गड्ड्याचा शेंडा कापून तो तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर मऊ होईपर्यंत भाजावा. उष्णतेने उग्रपणा निर्माण करणारे विकर निष्क्रिय होते आणि लसूण गोडसर होतो. तेलात बुडवलेला लसूण मात्र बाहेर बरणीत साठवून ठेवू नये. हवाबंद तेलात बोट्युलिझमचे विष तयार करणारे जंतू वाढण्याची शक्यता असते आणि ते वासावरून ओळखता येत नाही.

पाणी सुटलेच असेल तर

पाहुणे दारात असताना चक्का पुन्हा टांगायला वेळ नसतो. वरचे पाणी चमच्याने काढून टाकावे, ढवळून आत मिसळू नये. त्यानंतर डाळं, म्हणजे फुटाण्याची डाळ, मिक्सरमध्ये अगदी बारीक करून २०० ग्रॅम डिपला एक मोठा चमचा या प्रमाणात भुरभुरावी आणि दहा मिनिटे थांबावे. डाळं आधीच भाजलेले असल्यामुळे त्याला कच्ची चव नसते, ते पाणी पटकन शोषते आणि थोडी प्रथिनेही देते. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर कच्चे घातले तर चिकट पिठूळपणा येतो. शेंगदाण्याचे कूटही हेच काम करते. मात्र १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५६० कॅलरी असतात, म्हणून कूट चमच्याने मोजावे, मुठीने नव्हे. शेंगदाणे खवट, सुरकुतलेले किंवा बुरशीचा वास येणारे असतील तर ते टाकून द्यावेत, कारण त्यांत अफ्लाटॉक्सिन असू शकते आणि ते भाजल्याने पुरते नाहीसे होत नाही.

उलट तक्रार: डिप दगडासारखे होते

दह्याऐवजी काबुली चण्याचे किंवा शेंगदाण्याचे डिप करणाऱ्यांची अडचण नेमकी उलटी असते. शिजवलेल्या चण्यातला स्टार्च गार झाल्यावर घट्ट होत जातो, म्हणून ते वाटण फ्रीजमध्ये ठेवण्यापूर्वी हवे त्याहून थोडे सैलच ठेवावे आणि त्यासाठी चणे शिजवलेले पाणी बाजूला राखून ठेवावे. लक्ष्मीपुरीतून आणलेले चणे जुने असतील तर रात्रभर भिजवूनही कणी राहते; भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घातला आणि शिजवण्यापूर्वी ते पाणी बदलले तर चणे मऊ होतात.

तीळ किंवा शेंगदाणे वाटून केलेल्या लगद्यात पाण्याचा पहिला चमचा पडताच तो सैल होण्याऐवजी एकदम घट्ट गोळा होतो. यात काही बिघडलेले नसते. त्या लगद्यात तेलामध्ये कोरडे कण विखुरलेले असतात आणि थोडे पाणी मिळताच ते कण एकमेकांना चिकटतात. चमचा-चमचा पाणी घालत घोटत राहिले की तोच गोळा फिकट रंगाचा आणि मऊ होतो. घाबरून तेल ओतणे ही येथील सर्रास होणारी चूक आहे.

हिरव्या डिपचा रंग काळपटत असेल तर कोथिंबीर-पुदिना उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावा, घट्ट पिळावा आणि मग वाटावा. आंबटपणाने हरितद्रव्याचा रंग बदलतो, म्हणून असे डिप खाण्याच्या दिवशीच करावे.

डब्यासाठी मी डिप आणि भाजीचे काप कधीच एका कप्प्यात ठेवत नाही. डिप आदल्या रात्री फ्रीजमध्ये पूर्ण गार करून लहान घट्ट झाकणाच्या डबीत भरते. उन्हाळ्यात दह्याचे डिप दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहणार असेल, तर त्या दिवशी डब्यात भाजलेल्या शेंगदाण्याची आणि तिळाची कोरडी चटणी देते. ताटाजवळ वाढताना मोठे वाडगे न ठेवता थोडे-थोडे लहान वाटीत काढावे, आणि त्या वाटीत उरलेले परत मोठ्या डब्यात मिसळू नये. फ्रीजमध्ये झाकून ठेवलेले, कोणी हात न लावलेले डिप आमच्याकडे तीन दिवस चांगले राहते. काकडी मिसळलेले मात्र त्याच दिवशी संपवतो, आणि उरलेच तर रात्रीच्या थालीपिठाच्या पिठात घालतो.